काळेनिळे डाग, त्वचेवर दिसणाऱ्या बारीक शिरा आणि जीवनसत्त्वांची मलमे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुका मार लागून रक्त साकळले, सलाइननंतर हात काळानिळा झाला किंवा गालावर, पिंढरीवर लाल-जांभळ्या बारीक शिरा दिसू लागल्या, की औषधाच्या दुकानात ‘के’ जीवनसत्त्वाचे मलम, ‘सी’ जीवनसत्त्वाचे सीरम किंवा रेटिनॉल (‘ए’ जीवनसत्त्वाचे एक रूप) यांपैकी काहीतरी हमखास पुढे केले जाते. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील रुग्ण व त्यांचे नातेवाईक या उत्पादनांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही माहिती वाचून तपासणी टाळू नये. ताप असताना अंगावर डाग उठले असतील, तर बाकीचे सारे सोडून शेवटून दुसरा प्रश्न आधी वाचावा.

काळानिळा डाग आणि त्वचेवर दिसणारी शीर यांत नेमका फरक काय? तो घरी ओळखता येतो का?

या पानावरील निम्म्या प्रश्नांचे उत्तर या एका फरकात आहे. मार लागला की त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटतात आणि रक्त वाहिनीबाहेर येऊन आजूबाजूच्या ऊतींत साचते. दिसणाऱ्या शिरांच्या बाबतीत मात्र काहीच फुटलेले नसते. त्या वाहिन्या कायमच्या रुंदावलेल्या असतात, त्यांतून रक्त नेहमीसारखे वाहत असते आणि त्या त्वचेच्या इतक्या वरच्या थरात असतात की ते वाहते रक्त बाहेरून दिसते. एक मिलिमीटरपेक्षा बारीक अशा वाहिन्यांना डॉक्टर टेलँजिएक्टेशिया म्हणतात, एक ते तीन मिलिमीटरच्या निळसर शिरांना जाळीदार शिरा आणि त्याहून जाड, फुगून वर आलेल्या शिरांना व्हेरिकोज व्हेन्स.

घरी ओळखण्यासाठी काचेचा स्वच्छ, पारदर्शक पेला पुरतो. पेल्याची बाजू त्या जागी टेकवून हलकेच दाबावी आणि काचेतून पाहावे. रेष नाहीशी होऊन त्वचा फिकट दिसली आणि दाब काढताच ती पुन्हा लाल झाली, तर रक्त वाहिनीच्या आतच आहे, म्हणजे ती शीर आहे. कितीही दाबले तरी रंग तसाच राहिला, तर रक्त बाहेर सांडलेले आहे. मलम विकत घेण्यापूर्वी एवढी एक तपासणी केली, तरी बरेच पैसे वाचतात.

डागाचा रंग रोज बदलतो, तो का? असा डाग किती दिवस राहतो?

सांडलेले रक्त शरीर स्वतःच आवरते. सुरुवातीला डाग लालसर असतो, रक्तातील ऑक्सिजन कमी झाला की तो निळा-जांभळा होतो. पुढे भक्षक पेशी हिमोग्लोबिनचे विघटन करू लागतात. त्यातून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवट द्रव्य आणि मग बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते, म्हणून डागाची कड हिरवी-पिवळी दिसते. शेवटी उरलेल्या लोहामुळे काही काळ तपकिरी छटा राहू शकते. साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत हे सारे आपोआप आटोपते. चेहऱ्यावरचा डाग लवकर जातो, पिंढरीवरचा रेंगाळतो.

हे वेळापत्रक लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण कोणतेही मलम न लावतादेखील डाग दहा-बारा दिवसांत जाणारच असतो. ‘अमुक मलमाने आठवड्यात डाग गेला’ या अनुभवातून त्या मलमाविषयी फारसे काही सिद्ध होत नाही.

‘के’ जीवनसत्त्व रक्त गोठवते, मग ते डागावर लावण्यामागे तर्क काय?

हा प्रश्न विचारणारे रुग्ण बरोबर ठिकाणी बोट ठेवतात. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हेन्रिक डाम यांना 1929 च्या सुमारास असे आढळले, की स्निग्धांश काढून टाकलेल्या आहारावर ठेवलेल्या कोंबडीच्या पिलांना त्वचेखाली रक्तस्राव होतो. या शोधातून पुढे ‘के’ जीवनसत्त्व सापडले आणि 1943 चे नोबेल पारितोषिक डाम व अमेरिकेचे एडवर्ड डॉइझी यांना मिळाले. हे जीवनसत्त्व यकृतात काम करते. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी दुसरा, सातवा, नववा आणि दहावा घटक तेथे ‘के’च्या मदतीनेच कार्यक्षम होतात. नवजात बाळाला जन्मतःच ‘के’चे इंजेक्शन देतात ते याचसाठी.

आता मलमाकडे पाहू. डाग दिसतो आहे, याचा अर्थ फुटलेली केशवाहिनी बहुधा केव्हाच बंद झालेली आहे. उरलेले काम रक्त गोठवण्याचे नसून सांडलेले रक्त उचलून नेण्याचे आहे आणि त्या कामात ‘के’ची भूमिका काय, हे आजही नीट उलगडलेले नाही. ज्याच्या शरीरात ‘के’ची कमतरता नाही, त्याच्या त्वचेवर ते अधिकचे लावल्याने गोठण्याची क्रिया वेगवान होते, असेही नाही. मलमाच्या वेष्टनावर छापलेले स्पष्टीकरण म्हणूनच वाटते तितके भक्कम नाही.

म्हणजे ‘के’च्या मलमाचा काहीच उपयोग होत नाही का?

थोडा होत असावा, पण ठरावीक परिस्थितीत. या विषयावरचे बहुतेक प्रयोग लेसरने मुद्दाम पाडलेल्या डागांवर झाले आहेत, कारण असे डाग एकसारखे असतात आणि त्यांची तुलना करता येते. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 22 रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला ‘के’चे क्रीम आणि दुसऱ्या बाजूला साधे क्रीम लावण्यात आले. लेसरच्या आधी दोन आठवडे क्रीम लावणाऱ्यांना काही फायदा झाला नाही. लेसरनंतर लावणाऱ्यांत मात्र ‘के’च्या बाजूचा डाग पहिल्या काही दिवसांत कमी गडद दिसला. त्याआधीच्या, 1999 च्या एका छोट्या अभ्यासात एकटे ‘के’ प्रभावी ठरले नव्हते, पण 1 टक्का ‘के’ आणि 0.3 टक्के रेटिनॉल यांच्या मिश्रणाने डाग लवकर फिकट झाला होता. गंमत अशी, की 2010 मध्ये 16 जणांवर झालेल्या प्रयोगात त्याच मिश्रणापेक्षा 20 टक्के अर्निका या वनस्पतीचे मलम सरस ठरले.

एवढ्या थोड्या लोकांवरच्या, एकमेकांशी पूर्णपणे न जुळणाऱ्या अभ्यासांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. आमचे मत असे : लेसर किंवा चेहऱ्यावरील इंजेक्शनानंतर, आठवड्याभरात लग्नकार्य असेल आणि डाग दोन दिवस आधी गेला तरी पुष्कळ, अशा वेळी दिवसातून दोनदा मलम लावून पाहण्यास हरकत नाही. लोकलमध्ये चढताना दारावर खांदा आपटून पडलेल्या डागासाठी मात्र त्यावर पैसे खर्च करण्याचे कारण दिसत नाही. दुकानात मिळणाऱ्या अर्निकाच्या मलमात प्रयोगातले 20 टक्के प्रमाण असेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

गालांवर व नाकाच्या कडेला बारीक लाल शिरा दिसतात. त्यांवर ‘के’चे क्रीम लावू का?

नाही. येथे रक्त सांडलेलेच नाही. वाहिनी शाबूत आहे आणि वाहती आहे. रुंदावलेली वाहिनी कोणत्याही जीवनसत्त्वाच्या क्रीमने पुन्हा अरुंद होते, असा विश्वासार्ह पुरावा नाही. क्रीममुळे कोरडेपणा कमी होऊन लाली किंचित सौम्य भासते, एवढेच.

त्याऐवजी शिरा का दिसू लागल्या, हे शोधणे अधिक मोलाचे ठरते. वर्षानुवर्षांचे ऊन आणि रोझेशिया ही नेहमीची कारणे आहेत. रोझेशियात गरम चहा, तिखट जेवण किंवा दमट उकाडा यांनी चेहरा भडकून लाल होतो. आपल्याकडे तो सावळ्या वर्णात झाकून जातो आणि मुरुमे समजून त्यावर भलतेच उपचार होतात.

परंतु आपल्या भागातील सर्वांत खेदजनक कारण वेगळेच आहे आणि ते म्हणजे चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलेले स्टेरॉइड. बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असलेली क्रीमे कुणी मैत्रिणीच्या सांगण्यावरून, कुणी पार्लरमधून, तर कुणी दुकानदाराला ‘गोरे होण्याचे काहीतरी द्या’ असे सांगून घेतात. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे तिहेरी मिश्रण वांगांसाठी, तेही थोड्या काळापुरते आणि देखरेखीखाली वापरायचे औषध आहे. ते रोजच्या क्रीमसारखे वापरले जाते. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, म्हणून वापर सुरू राहतो. मग त्वचा पातळ होते, उन्हात जळजळते, लव वाढते, मुरुमे येतात आणि गालांवर लाल शिरांची नक्षी उमटते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असे स्वतंत्र नावच दिले आहे. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली, तरीही ती सहज मिळतात, हे वास्तव आहे. अशा चेहऱ्यावर ‘के’चे क्रीम लावून वर स्टेरॉइड सुरू ठेवणे निरर्थक आहे. मात्र स्टेरॉइड एकदम बंद केल्यास चेहरा काही आठवडे भयंकर लाल होऊ शकतो आणि त्या घाबरगुंडीत रुग्ण पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सोडावे. जाताना आजवर वापरलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात.

मधोमध लाल ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या रेषा कशाच्या असतात?

मधला ठिपका ही एक बारीक धमनी असते आणि रेषा तिच्यातून फुटलेल्या वाहिन्या; डॉक्टर याला स्पायडर नीव्हस म्हणतात. ठिपका दाबला की साऱ्या रेषा पुसल्या जातात. गरोदरपणात किंवा लहान मुलांत असा एखादा डाग दिसणे चिंतेचे नाही. प्रौढ व्यक्तीच्या छातीवर, खांद्यांवर असे अनेक डाग उमटले असतील आणि विशेषतः मद्यपानाची सवय, कावीळ किंवा पोट फुगणे यांची जोड असेल, तर यकृताची तपासणी करून घ्यावी.

दिवसभर उभे राहून काम असते. पिंढऱ्यांवर व मांड्यांवर जांभळ्या शिरांचे जाळे झाले आहे. त्यासाठी कोणते मलम?

कोणतेही नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. पायांतील रक्त वर हृदयाकडे जाताना शिरांमधील झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. आनुवंशिकता, गरोदरपणा, वाढलेले वजन आणि तासन्‌तास एका जागी उभे राहणे यांमुळे झडपा सैल पडतात, शिरांमधील दाब वाढतो आणि वरच्या बारीक वाहिन्या रुंदावतात. गोखले रोडवरच्या दुकानांतील विक्रेत्या, शिक्षिका, वाहतूक पोलीस, वाशीच्या बाजार समितीत ओझी वाहणारे माथाडी कामगार यांच्यात ही तक्रार नित्याची आहे. ऐरोली-महापेच्या कार्यालयांत दहा तास खुर्चीवर बसणाऱ्यांनाही ती चुकत नाही, कारण पिंढरीचे स्नायू हलले नाहीत, तर रक्त वर ढकलणार कोण?

केवळ बारीक जाळे असेल आणि पाय दुखत वा सुजत नसतील, तर उपचार न करणे हाही योग्य निर्णय असतो. दिसणे खटकत असेल, तर स्क्लेरोथेरपी हा पायांसाठीचा प्रस्थापित उपाय आहे : अतिशय बारीक सुईने शिरेत पॉलिडोकॅनॉलसारखे औषध सोडतात, शिरेचे आतील अस्तर दुखावते, ती बंद पडते आणि शरीर तिला हळूहळू शोषून घेते. त्यासाठी अनेक बैठका लागतात आणि नव्या शिरा पुढे येणारच नाहीत, असे कोणी सांगू शकत नाही. पायाला संध्याकाळी सूज येत असेल, शिरा दोरीसारख्या फुगल्या असतील किंवा घोट्याजवळची त्वचा तपकिरी व खाजरी झाली असेल, तर आधी शिरांची डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी) करावी लागते. घोट्याजवळचा तो तपकिरी रंग शिरांमधील दाबामुळे झिरपलेल्या रक्तातील लोहाचा असतो. त्यावर ‘के’चे मलम चोळत बसल्याने पुढे होणाऱ्या जखमेचा धोका टळत नाही.

दाब देणारे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घालावे लागतात. ठाण्याच्या मे महिन्यातील घामात ते दिवसभर चढवून ठेवणे कष्टाचे आहे, हे आम्ही जाणतो. निदान कामाच्या वेळेत घालावेत, घरी आल्यावर पाय उशीवर उंच ठेवावेत. मोज्यांनी त्रास कमी होतो, झालेले जाळे जात नाही.

सावळ्या त्वचेवर शिरांसाठी लेसर करणे सुरक्षित आहे का?

योग्य लेसर आणि जाणकार हात असतील, तर आहे. लेसरचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिनने शोषावा, अशी अपेक्षा असते; पण आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही तो शोषून घेते आणि भाजणे किंवा महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग मागे राहणे असे प्रकार घडतात. 532 किंवा 595 नॅनोमीटरच्या लेसरपेक्षा 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर मेलॅनिनला कमी छेडतो, म्हणून सावळ्या वर्णासाठी तो बहुधा अधिक सुरक्षित ठरतो. आयपीएल यंत्राबाबत (ते लेसर नव्हे, अनेक तरंगलांबींचा तीव्र प्रकाश सोडते) जास्त सावध राहावे. सवलतीचे पॅकेज विकत घेण्यापूर्वी यंत्र कोणते, तरंगलांबी किती आणि ते प्रत्यक्ष कोण चालवणार, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर तेथून उठून यावे.

‘सी’ जीवनसत्त्वाचे सीरम लावल्याने रक्तवाहिन्या मजबूत होतात का?

‘सी’ जीवनसत्त्वाशिवाय शरीराला पक्के कोलॅजन बनवता येत नाही. कोलॅजन हा वाहिन्यांच्या भिंतींचा व त्यांच्या सभोवतालच्या त्वचेचा आधार असल्यामुळे स्कर्व्ही या ‘सी’च्या कमतरतेच्या आजारात केसांच्या मुळांशी बारीक रक्तस्राव दिसतो, हिरड्यांतून रक्त येते आणि जरा लागले तरी डाग पडतात. हा आजार आज क्वचित दिसतो; तरीही एकटे राहणारे आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे वृद्ध त्यातून सुटलेले नसतात. त्यांना सीरमची नव्हे, तर पेरू, आवळा, लिंबू यांची गरज असते.

आहार ठीक असलेल्या व्यक्तीच्या त्वचेवर सीरम लावल्यास उन्हाने होणारी हानी व काळसरपणा काही प्रमाणात कमी होतो. डागांवरील परिणामाचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. शुद्ध एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरण्यासाठी द्रावण बरेच आम्लधर्मी असावे लागते आणि 20 टक्क्यांपेक्षा अधिक प्रमाणाने शोषण वाढत नाही. म्हणजे 30 टक्क्यांच्या बाटलीने केवळ जळजळ वाढते. हवा, उजेड आणि उष्णता यांनी ते बिघडते. खिडकीजवळच्या मांडणीवर ठेवलेली बाटली आपल्या दमट हवेत लवकरच पिवळ्याची तपकिरी होते. तशी झालेली बाटली कितीही महाग असली, तरी टाकून द्यावी.

रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइनने पातळ त्वचा जाड होते, असे ऐकले. मग शिरा झाकल्या जातील का?

हे ऐकीव निराधार नाही. ‘ए’ जीवनसत्त्वापासून बनणारी ही द्रव्ये अनेक महिन्यांच्या वापराने त्वचेतील कोलॅजन वाढवतात, हे चांगले सिद्ध झाले आहे. परंतु सुरुवातीचे काही आठवडे त्वचा सोलवटते व लाल होते आणि ज्याच्या चेहऱ्यावर आधीच लाल शिरा आहेत किंवा रोझेशिया आहे, त्याची लाली आणखी वाढते. वापरायचेच असेल, तर वाटाण्याएवढे क्रीम, आठवड्यातून दोन रात्री, असे सुरू करावे. गरोदर स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी ही द्रव्ये टाळावीत.

‘ई’ जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल फोडून डागावर लावू का?

लावू नये. डाग जाण्यास तिचा उपयोग होतो, असे दिसलेले नाही आणि काहींना त्या तेलाने खाज व पुरळ येते. मग मूळ डाग राहतो बाजूला आणि पुरळाचा उपचार करावा लागतो.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी ‘के’चे क्रीम उपयोगी आहे का?

काळी वर्तुळे म्हणजे साचलेले रक्त, हा समज जाहिरातींनी पसरवला आहे. आपल्याकडे बहुतेकांची वर्तुळे आनुवंशिक रंगद्रव्यामुळे, डोळे चोळण्याच्या सवयीमुळे, अ‍ॅलर्जीमुळे किंवा डोळ्यांखालच्या खळगीच्या सावलीमुळे असतात. आरसा समोर धरून खालची पापणी हलकेच ताणावी : रंग तसाच राहिला तर ते रंगद्रव्य, निळसर छटा अधिक उठून आली तर पातळ त्वचेखालच्या शिरा. ‘के’, रेटिनॉल, ‘सी’ आणि ‘ई’ यांच्या एकत्रित जेलने काहींना फरक पडल्याचे एका जपानी अभ्यासात नोंदवले आहे, पण त्यातील श्रेय कोणाचे, हे सांगणे अवघड आहे.

वडिलांचे वय पंचाहत्तर आहे. काही लागले नसतानाही त्यांच्या हातांवर जांभळे चट्टे उठतात. हे कशामुळे?

हातांच्या बाहेरच्या बाजूवर आणि मनगटाच्या मागे, न दुखणारे, कडा स्पष्ट असलेले गडद जांभळे चट्टे असतील, तर बहुधा हा उतारवयातील त्वचेचा पातळपणा आहे. आयुष्यभराच्या उन्हाने कोलॅजन झिजते, वाहिन्यांचा आधार जातो आणि पिशवीचा बंद घासला, तरी त्या फुटतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू असेल, तर हे अधिक होते. येथे ‘के’चे मलम लावून चट्टे येण्याचे थांबत नाहीत. दिवसातून दोनदा साधे मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन व पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पलंगाच्या टोकदार कोपऱ्यांना गुंडाळलेले कापड यांचा उपयोग कोणत्याही महागड्या ट्यूबपेक्षा जास्त होतो. चट्टे छातीवर, पोटावर किंवा तोंडात दिसले, तर मात्र वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू आहेत. ‘के’चे मलम लावले तर चालेल का? पालेभाज्या बंद कराव्यात का?

वॉर्फरिन आणि असिनोकुमारॉल ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाचेच काम रोखून रक्त पातळ ठेवतात. छोट्या डागावर लावलेल्या मलमातून फारसे ‘के’ रक्तात जाण्याची शक्यता नाही. तरीही हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय, विशेषतः मोठ्या भागावर, ते लावू नये. डाग पडू लागले म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे अतिशय धोक्याचे आहे, कारण कृत्रिम झडप किंवा अनियमित ठोके असलेल्या रुग्णाला त्यामुळे पक्षाघात होऊ शकतो. डाग वाढले, लघवी लाल किंवा शौच काळे झाले, तर त्याच दिवशी आयएनआर (रक्त गोठण्यास किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) तपासून डॉक्टरांना कळवावे.

पालक, मेथी, अळू, चवळी, कोथिंबीर यांत ‘के’ भरपूर असते. ही औषधे घेणाऱ्यांनी त्या बंद करायच्या नसतात, फक्त प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवायचे असते. श्रावणात अचानक रोज अळूचे फदफदे आणि भाद्रपदानंतर महिनाभर पालेभाजीच नाही, असा चढउतार नसावा. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या प्लेटलेटवर (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या रक्तकणांवर) काम करतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांना हे पथ्य लागू नाही. डाग त्यांनीही पडतात आणि त्यांवर ‘के’ लावून काही साधत नाही.

रक्ततपासणी किंवा सलाइननंतर हात काळानिळा झाला. आता काय लावावे?

सुई काढल्यावर हात कोपरातून दुमडण्याची सवय अनेकांना आहे आणि डाग बऱ्याचदा त्यामुळेच पडतो. हात सरळ ठेवून कापूस बोटाने तीन ते पाच मिनिटे, न उचलता दाबून धरावा. डाग पडलाच, तर पहिले एक-दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा. त्यानंतर कोमट शेक चालतो. पहिल्या दिवशीच तेल लावून रगडल्याने रक्तस्राव वाढतो. शीर दोरीसारखी कडक होऊन दुखत असेल, तर डॉक्टर हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे मलम देतात. ते जीवनसत्त्वाचे मलम नव्हे आणि उघड्या जखमेवर लावायचे नसते.

आंबेहळद किंवा रक्तचंदन उगाळून लेप लावण्याची आपल्या घरांतील पद्धत अखंड त्वचेवर सहसा निरुपद्रवी असते. खाज सुटली, तर धुऊन टाकावा.

युरोपात ‘के’च्या क्रीमवर बंदी आहे, हे खरे का?

अंशतः खरे आहे. ‘के-1’, म्हणजे फायटोनाडायोन, सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास युरोपीय संघाने 2009 मध्ये मनाई केली. कारण विषारीपणाचे नव्हते. काही लोकांना त्याची स्पर्शजन्य अ‍ॅलर्जी होत होती आणि एकदा अशी अ‍ॅलर्जी जडली, की पुढे गरज पडल्यास औषध म्हणूनही ‘के-1’ देणे अवघड होऊ शकते, ही चिंता होती. त्यानंतर तेथील उत्पादकांनी ‘के’ ऑक्साइडकडे मोर्चा वळवला. त्वचा संवेदनशील असणाऱ्यांनी कोणतेही असे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूस सलग काही दिवस थोडेसे लावून पाहावे आणि खाज, लाली किंवा बारीक फोड आले तर वापरू नये.

डाग पडल्यावर डॉक्टरांकडे कधी जावे?

पावसाळ्यात व त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्या दोन्ही शहरांत डेंग्यूचे रुग्ण वाढतात. ताप आहे किंवा नुकताच उतरला आहे आणि टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोटात सतत दुखणे अथवा वारंवार उलट्या यांपैकी काही आहे, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वाशीचे महापालिका रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा जवळचे कोणतेही रुग्णालय चालेल, उशीर चालणार नाही. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घेऊ नये.

ताप नसतानाही कारणाशिवाय मोठे डाग वारंवार पडत असतील, मासिक पाळीत अतिरक्तस्राव होत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, घरात कोणाला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) असेल किंवा डागांसोबत वजन घटत असेल आणि थकवा वाढत असेल, तर प्लेटलेटसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पीटी-आयएनआर आणि एपीटीटी (दोन्ही रक्त गोठण्याच्या) या तपासण्या लागतात. प्लेटलेटची सामान्य संख्या एका मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख असते. अद्याप चालू न लागलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग दिसला, तर तो नेहमीच तपासून घ्यावा. आणि डाग कोणाच्या मारहाणीचे असतील, तर येथे मलमाचा प्रश्नच नाही : महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे मदतीचे क्रमांक आहेत आणि डॉक्टरांना खरे कारण सांगितल्यास त्याची नोंद होते.

तरीही ‘के’चे मलम घ्यायचेच असेल, तर काय पाहून घ्यावे आणि किती दिवस लावावे?

वेष्टनावर घटकाचे नाव आणि टक्केवारी दोन्ही छापलेली असावीत. ‘व्हिटॅमिन के संकुल’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यात नेमके किती आहे हे कळण्यास मार्ग नाही. घटकांच्या यादीत स्टेरॉइडचे नाव तर नाही ना, हे चेहऱ्यासाठी घेताना विशेष पाहावे. स्टेरॉइडच्या नावांचा शेवट बहुधा ‘सोन’ किंवा ‘सोल’ असा असतो, शंका आली तर दुकानातील फार्मासिस्टकडून वाचून घ्यावे. मुदत तपासावी, बिल घ्यावे. डाग पडल्याबरोबर, अखंड त्वचेवर, दिवसातून दोनदा, न रगडता पातळ थर लावावा आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये. दोन आठवड्यांनंतरही डाग तसाच असेल, तर मलम बंद करून तपासणी करून घ्यावी. दुसरी ट्यूब आणू नये.